नळाला मुंग्या आल्यात

सकाळी पावणेसातला फोन आला तेव्हा मी डोंबिवली स्टेशनच्या ब्रिजवर होतो. गिरगावातल्या चाळीचे सेक्रेटरी काका, म्हणाले अरे लवकर ये, आमच्या नळाला मुंग्या आल्यात. मी म्हटलं काका मग पेस्ट कंट्रोलवाल्याला लावा ना फोन. तर चिडून म्हणाले, त्या मुंग्या नाहीत रे, हाताला येतात त्या मुंग्या, आणि पहिल्या मजल्यावरच्या आजींनी तांब्याची कळशी फेकून दिली, मोरीभर पाणी झालंय. मग मात्र मी हसायचं थांबलो. जुलै महिना, रात्रभर पाऊस, सगळ्या भिंती ओल्या, आणि नळाला करंट. कोणी नळाला हात लावू नका, लहान पोरांना मोरीत जाऊ देऊ नका, एवढं सांगून फोन ठेवला आणि दादरला गाडी बदलून चर्नी रोडला उतरलो.

मी वायरमन आहे, परवानावाला, बावीस वर्षं झाली या धंद्यात. गिरगाव, ताडदेव, लालबाग, काळाचौकी या पट्ट्यातल्या जुन्या चाळींची कामं माझ्याकडे असतात, म्हणजे आधी आमच्या मेस्त्रींकडे होती, ते गेल्यावर माझ्याकडे आली. चाळीचं नाव लिहीत नाही, माणसं चांगली आहेत.

पोचलो तर प्रत्येक मजल्यावर एकेक जण हातात टेस्टर घेऊन उभा. मुंबईत प्रत्येक घरात एक टेस्टर असतोच आणि तो असला की प्रत्येक जण अर्धा वायरमन असतो. कोणी म्हणे माझ्या नळावर पेटतो, कोणी म्हणे मिणमिणता पेटतो, एक जण म्हणाला पावसाळ्यात असं होतंच, त्यात काय. टेस्टरचा प्रॉब्लेम हा की त्यातला निऑन दिवा अगदी नगण्य करंटवरपण पेटतो, नुसत्या बाजूच्या वायरच्या इंडक्शननेपण कधी कधी पेटतो, त्यामुळे टेस्टर पेटला म्हणजे माणूस मरेल असंही नाही आणि बारीक पेटला म्हणजे काही नाही असंही नाही. मी बॅगेतून होल्डर काढला, त्याला दोन लांब वायरी आणि साठ वॅटचा पिवळा बल्ब. आमच्या लाइनीत हाच खरा डॉक्टर.

आजी खाटेवर बसून होत्या, हात चोळत. म्हणाल्या, बाळा मुंग्या कसल्या, मुंगळे होते. मी म्हटलं आजी पायात चप्पल होती का, तर म्हणाल्या मोरीत कोण चप्पल घालतं. तेही खरंच. अनवाणी पाय, ओली फरशी, हातात तांब्याची कळशी आणि कळशी नळाला टेकलेली. कळशी फेकली गेली म्हणून वाचल्या असं मला वाटतं, कारण हात आवळून बसला असता तर वेगळी गोष्ट होती.

त्यांच्या खोलीतल्या सॉकेटमध्ये बल्ब लावून बघितला. फेज म्हणजे करंट आणणारी वायर, न्यूट्रल म्हणजे परत नेणारी, अर्थिंग म्हणजे लीक झालेला करंट जमिनीत सोडणारी. नॉर्मली फेज आणि अर्थिंगमध्ये बल्ब लावला की तो फुल पेटला पाहिजे आणि न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये लावला तर बिलकूल पेटायला नको. इथे उलटी गंगा. फेजवर काही नाही, आणि न्यूट्रलला लावला तर बल्ब लालसर पेटला. म्हणजे अर्थिंगच्या पिनेवरच फेज बसलाय आणि तो नुसता इंडक्शनचा भुताटकी व्होल्टेज नाही, बल्ब पेटवण्याइतका दम आहे त्याच्यात. फ्रिजच्या बॉडीला टेस्टर लावला, पेटला. मिक्सर, वॉशिंग मशीन, जिथे जिथे तीन पिनांचा प्लग तिथे तिथे बॉडी गरम, म्हणजे करंटवाली. आजींच्या सुनेने विचारलं, दादा अर्थिंग आहे म्हणूनच शॉक लागत नाही ना? मी काय सांगणार.

मग अर्थिंगची ती हिरवी वायर कुठे जाते ते बघायला निघालो. खोलीतून बाहेर, मागच्या भिंतीतून हाउस गल्लीत. ज्यांनी हाउस गल्ली बघितली नाही त्यांना सांगतो, दोन चाळींच्या मधे चारपाच फुटांची बोळ असते, मुळात मेहतर लोकांना आत जाता यावं म्हणून ठेवलेली, आता तिथे ड्रेनेजचे पाइप, पाण्याचे पाइप, वरून टाकलेला कचरा आणि मांजराएवढे उंदीर. जुलैमध्ये घोट्याएवढं पाणी. माझा हेल्पर बारक्या म्हणाला तुम्ही जा पुढे, मी शिडी धरतो. हुशार पोरगा.

शिडी लावून पहिल्या मजल्याच्या उंचीला गेलो आणि तिथे पाण्याच्या उभ्या जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपावर क्लॅम्प दिसला. दोन अर्धगोल पट्ट्या, दोन बोल्ट, स्प्रिंग वॉशर, वर चेकनट, लगला, म्हणजे वायरीच्या टोकाच्या धातूच्या कानाला, तिरका मारलेला हिरवा पेंट. तो पेंट मीच मारतो तसा. म्हणजे मीच मारला होता, २०११ साली, मेस्त्रींबरोबर. त्या वर्षी इथल्या आठनऊ खोल्यांनी मिळून पैसे काढून अर्थिंग करून घेतली होती, सगळ्यांच्या हिरव्या वायरी एका पट्टीवर आणि पट्टीतून एक जाड वायर या पाइपावर. मला तो दिवसपण आठवतो, पाइपावर गंजाचा आणि ऑइलपेंटचा थर होता आणि मेस्त्री खालून ओरडत होते, घास, अजून घास, चांदी दिसेपर्यंत घास.

हे काम मेस्त्रींनी मला नीट शिकवलं होतं. बरेच लोक काय करतात, वायर सोलतात आणि पाइपाला चार वेढे देऊन पिळतात, झाली अर्थिंग. पेंटवर वेढे दिले तर ती अर्थिंग नाही, ती राखी आहे, असं मेस्त्री म्हणायचे. पाइपाला आधी पॉलिश पेपरने चकचकीत करायचं, जिथे क्लॅम्प बसणार तेवढा पूर्ण गोल. क्लॅम्प पाइपाच्या साइझचाच घ्यायचा, मोठा घेऊन खाली पत्रा कोंबायचा नाही. जीआय पाइपावर उघडी तांब्याची तार थेट गुंडाळायची नाही, ओल लागली की तांबं आणि जस्त यांचं जमत नाही, जस्त खाल्लं जातं आणि दोन पावसाळ्यांत जॉइंटमध्ये पांढरी पावडर. वायरीला लग क्रिंप करायचा, कलई केलेला, तो बोल्टखाली स्प्रिंग वॉशरसकट, आणि तेरा नंबरच्या पान्याने आवळायचा. मग वायर धरून लोंबकळायचं. हे लोंबकळणं कुठल्या पुस्तकात नाही. शेवटी वरून पेट्रोलियम जेली, म्हणजे पाणी आत जात नाही. आणि क्लॅम्प अशा ठिकाणी की उद्या कोणाला दिसला पाहिजे, हात पोचला पाहिजे, प्लास्टरखाली गाडायचा नाही.

चौदा वर्षांनी मी मल्टिमीटरची एक पिन लगवर आणि एक पाइपावर खरवडून लावली. शून्य पॉइंट दोन ओहम, त्यातले पॉइंट एकदोन तर मीटरच्या लीडचेच. जॉइंट जसा होता तसा. खरं सांगतो, क्षणभर बरंच वाटलं.

मग खाली बघितलं. क्लॅम्पपासून तीनेक फूट खाली लोखंडी पाइप संपत होता आणि तिथून जमिनीपर्यंत पांढराशुभ्र नवा प्लास्टिकचा पाइप.

शिडीवरूनच ओरडलो, काका हा पाइप कधी बदलला? तर म्हणाले, तो ना, कालच, प्लंबर येऊन गेला, खालचा पार सडला होता, गढूळ पाणी येत होतं. मी म्हटलं मला फोनवर सांगितलं का नाही? तर म्हणाले, अरे ते प्लंबिंगचं काम ना, तुझा काय संबंध. त्यांचंही बरोबर आणि प्लंबरचंही बरोबर. त्याच्यासाठी तो पाण्याचा पाइप होता, अर्थिंगची वायर आहे हे त्याला कोण सांगणार होतं? क्लॅम्पवर आम्ही काही लिहिलं नव्हतं. पेंट तेवढा मारला होता.

म्हणजे झालं असं की नऊ खोल्यांची अर्थिंग एका पाइपावर, आणि तो पाइप आता जमिनीत जातच नव्हता. वर हवेत लटकलेलं लोखंडाचं झाड, त्याच्या प्रत्येक फांदीला एक नळ. कोणाच्याही घरात एक गोष्ट लीक झाली की करंट पाइपावर येणार आणि खाली जायला वाट नाही म्हणून आडवा पसरणार, सगळ्यांच्या नळांवर आणि वर माझ्या त्या फर्स्ट क्लास जॉइंटमधून सगळ्यांच्या फ्रिजच्या बॉडीवर. दुसऱ्या मजल्यावरच्या एका ताई सारख्या म्हणत होत्या आमच्या मशीनला काहीच नाही, आमची वायरिंग चांगली आहे. नंतर बघितलं तर त्यांची अर्थिंग दुसऱ्या कोणीतरी नंतर केलेली, ऑइलपेंटवर चार वेढे. राखी. कनेक्शन झालंच नव्हतं म्हणून मशीन थंड. जॉइंट जितका पक्का तितका घरात करंट, आणि ज्याने टाकाऊ काम केलं त्याचं घर त्या दिवशी सगळ्यात सेफ. हे मला अजून पचलेलं नाही.

पण आता लीक कोणाचं ते शोधायचं होतं. जिन्याखाली मीटर रूम, बावीस मीटर, मी सगळ्यांचे मेन स्विच खाली पाडले. वर जो आरडाओरडा झाला तो सांगत नाही, कोणाचा मिक्सर, कोणाचं वर्क फ्रॉम होम, कोणाचा मुलगा परीक्षेला निघालेला. नळ चेक केला, मेलेला. आता एकेक मेन वर करायचा आणि बल्ब बघायचा. पण बल्बची एक वायर पाइपावर लावली तर दुसरी खऱ्या अर्थिंगला लावायला हवी आणि खरी अर्थिंग आहे कुठे? नियमाप्रमाणे सप्लाय देणाऱ्याने मीटरपाशी एक अर्थ टर्मिनल द्यायचं असतं, म्हणून बॅटरी घेऊन शोधत बसलो. मीटर बोर्डाच्या मागच्या कोपऱ्यात भिंतीला एक पट्टी होती, तीन दिवाळ्यांचा चुना आणि कोळ्याची जाळी तिच्यावर. खरवडली, पितळी बोल्ट निघाला. फेजमधून बल्ब लावला आणि तो फुल पेटला, पांढरा. मग हजार वॅटचा हीटर लावून बघितला, तोही तापला, म्हणजे लोडवर टिकतोय. ही पट्टी इथे इतकी वर्षं होती आणि २०११ साली मीटर रूममध्ये चार तास काम करूनही आम्ही तिच्याकडे बघितलं नव्हतं. मेस्त्रींना पाइपाचं वेड. मुन्सिपाल्टीच्या पाइपासारखी अर्थिंग जगात नाही, इथून थेट तानसापर्यंत लोखंड आहे म्हणायचे. मुंबईला पाणी देणारं तानसाचं धरण १८९२ चं, त्या काळी पाइप खरंच लोखंडाचे, बिडाचे, शिशाचे जॉइंट, त्यांचं फार चुकीचं नव्हतं. आता मधे रबरचे गॅस्केट, प्लास्टिकचे तुकडे, कुठे काय आहे कोणालाच माहीत नसतं.

बल्ब पहिल्या मजल्याच्या गॅलरीत कपड्यांच्या दोरीवर लटकवला, आजींच्या दारासमोर. अख्खी चाळ कठड्यावर. मी खालून मेन वर करायचो आणि ओरडायचो, लागला का? वरून पोरं एका सुरात, नाऽय! दुसरा. नाऽय! दहीहंडीसारखं वातावरण. मधे एक पोरगा मुद्दाम लागला म्हणाला, त्याला त्याच्या आईने तिथेच वाजवली. तिसऱ्या मजल्याचा कोपऱ्यातल्या खोलीचा मेन वर केला आणि वरून आवाजच नाही. मग आजी म्हणाल्या, पेटला रे बाळा.

त्या खोलीतले काका रिटायर्ड, एकटे राहतात. म्हणाले शक्यच नाही, माझं सगळं बंद आहे, गिझर तर मी दोन दिवस लावलेला नाही. गेलो वर. गिझरचा स्विच खरंच बंद. प्लग काढला आणि खाली पोरं ओरडली, गेला! परत लावला, पेटला! स्विच बंद असून. बोर्ड खोलला तर सॉकेटचा स्विच न्यूट्रलमध्ये, फेज सरळ आत गेलेला. म्हणजे स्विच बंद केला की गिझर तापत नाही पण एलिमेंटवर फेज चोवीस तास बसलेला. एलिमेंटच्या नळीला बारीक चीर, आतली पांढरी पावडर, मॅग्नेशियम ऑक्साइड, ओली झालेली. फेज तिथून टाकीत, टाकीतून पाइपात.

नंतर सगळं जोडून झाल्यावर मी मुद्दाम टाँग टेस्टर, म्हणजे वायरीभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजायचा मीटर, लावून लीकेज बघितलं, जवळजवळ अर्धा अँपिअर. अर्धा अँपिअरने फ्यूज उडत नाही, त्यांचा किटकॅट फ्यूज पंधरा अँपिअरचा. फ्यूज मोठा फॉल्ट झाला तरच उडतो, माणसाला मारायला त्या पंधराच्या शंभराव्या भागाइतका करंटपण पुरतो. म्हणून आरसीसीबी लागतो, लीकेज ओळखून सप्लाय तोडणारा स्विच, तो ३० मिलीअँपिअरला ट्रिप होतो, आणि तो आख्ख्या चाळीत फक्त दोन खोल्यांत होता. काकांना विचारलं बिल किती येतं, तर त्यांनी फाइलच काढली. मीटर फास्ट आहे म्हणून दोन तक्रारी केलेल्या. हिशोब करून दाखवला, अर्धा अँपिअर म्हणजे सव्वाशेच्या आत वॅट, चोवीस तासांत पावणेतीन युनिट, महिन्याला ऐंशीएक. एवढी वीज दर महिन्याला त्यांच्या गिझरमधून पाइपात आणि पाइपातून गिरगावच्या जमिनीत जात होती आणि कोणाला कळत नव्हतं, कारण पाइप तोपर्यंत आपलं काम करत होता. काल दुपारी प्लंबरने तो कापला. मला आता वाटतं, तो कापताना त्याला शॉक लागला नाही हे त्याचं नशीब, चालू लीकेजचा पाइप कापला की एक हात वरच्या तुकड्यावर आणि एक खालच्या तुकड्यावर म्हणजे मधला जोड माणूस. काकांनी मात्र सगळं ऐकून एकच विचारलं, ते पैसे परत मिळतील का.

दुपारपर्यंत एवढं केलं की गिझर काढला, मीटर रूममधल्या पट्टीला नीट लग मारून तिथून जाड हिरवी वायर वर नेली आणि नऊ खोल्यांची पट्टी तिला जोडली. आणि हो, पाइपावरचा माझा क्लॅम्प काढला नाही. सेक्रेटरी काकांनी विचारलं हा कशाला ठेवतोस, याच्यामुळेच झालं ना? समजवायला वेळ लागला. आधी पाइप अर्थिंग देत होता आणि घरं घेत होती. आता अर्थिंग पट्टीतून येते आणि पाइप घेतो. पाइप लोखंडाचा आहे तोवर तो मोकळा लटकत ठेवायचा नाही, कुठूनही फेज आला तर त्याला खाली जायला वाट हवी. क्लॅम्प तोच, वायर तीच, दिशा उलटी. अमेरिकेत तर त्यांच्या वायरिंगच्या कोडमध्येच, म्हणजे नियमांतच आहे, जमिनीत दहा फूट किंवा जास्त धातूचा पाण्याचा पाइप असेल तर तो अर्थिंगला जोडायचाच, बिल्डिंगमध्ये शिरल्यापासून पहिल्या पाच फुटांत, पाण्याच्या मीटरला बायपास करणारी जंपर वायर टाकायची, पण एकट्या पाइपावर भागवायचं नाही, सोबत रॉड किंवा दुसरं काही हवंच, कारण उद्या कोणीतरी तो पाइप प्लास्टिकचा करणार. त्यांना हे आधीच माहीत होतं. आम्हालाही आयटीआयमध्ये सर सांगायचे की पाइपाच्या भरवशावर राहू नका, पण बाहेर आलं की मेस्त्री हेच विद्यापीठ.

हे करताना अजून एक रत्न सापडलं. पहिल्या मजल्यावर एकाने अर्थिंगची वायर गॅसच्या पाइपाला बांधलेली. पाण्याच्या पाइपाबद्दल वाद तरी घालता येईल, गॅसचा पाइप अर्थिंग म्हणून कधीच वापरायचा नसतो. जॉइंटमध्ये ठिणगी पडली तर काय, हे सांगायची गरज पडली नाही, मी पक्कड काढली तसे तेच म्हणाले, काढा काढा.

पुढच्या आठवड्यात अंगणात तुळशीच्या बाजूला अर्थिंगसाठी खड्डा घेतला. सहाशे बाय सहाशेची जीआय प्लेट, सहा पॉइंट तीन मिलिमीटर जाड, उभी सोडली, भोवती कोळसा आणि मीठ, वर पाणी घालायला फनेल. आजींनी विचारलं तुळशीला त्रास नाही ना होणार मिठाचा, तर खड्डा चार फूट लांब सरकवला. गिझरवाल्या काकांच्या बोर्डात स्विच फेजमध्ये आणला, चौदा खोल्यांनी आरसीसीबी बसवले, बाकीचे गणपतीनंतर म्हणाले. क्लॅम्पला मी जाड पत्र्याची पट्टी लटकवली, पेंटने लिहिली: हा अर्थिंगचा जोड आहे, पाइप बदलायच्या आधी वायरमनला फोन करा. खाली माझा नंबर.

पहिल्या दिवशी संध्याकाळी निघताना आजींनी चहा दिला. मी म्हटलं आजी नळ चालू करून बघा. त्यांनी पदर हाताला गुंडाळला, मग सोडला, मग सुनेला म्हणाल्या तू लाव आधी. सून म्हणाली मी नाही. शेवटी मी लावला, उघड्या हाताने, ओल्या फरशीवर चप्पल काढून, दोघी माझ्या तोंडाकडे बघत होत्या, आणि खरं सांगायचं तर मीटरवर शून्य बघितलेलं असूनही हात नळाजवळ जाताना मी उलट्या बोटांनी आधी टेकवून बघितलं.

घरी आल्यावर मेस्त्रींची जुनी डायरी काढली. २००६ ते २०१३ मधे आम्ही पाइपावर अर्थिंग केलेल्या अकरा बिल्डिंगी निघाल्या. काळाचौकीची एक पाडून आता टॉवर उभा राहतोय, ती सुटली. लालबागच्या दोन बघून झाल्या, एकीत पाइप अजून लोखंडी, एकीत अर्धा प्लास्टिक आणि कोणाला पत्ता नाही. एका सेक्रेटरींनी फोनवर विचारलं, तपासायचे किती घेणार? काही नाही म्हटलं तर त्यांना संशयच आला. उद्या ताडदेवला जायचंय, वॉचमनला सांगून ठेवलंय की हाउस गल्लीच्या गेटची चावी शोधून ठेव.